तोंड, पोट, तळ

चाकाला बाईनं हात लावू नये म्हणतात,
म्हणून मी चिलमी अंगठ्यावर काढते.
अनेरच्या काठची माती, चाळलेली राख,
पाणी बोटाबोटानं.
चोपड्याच्या एका बाजाराला चाळीस होतात,
सहा-सात भट्टीतच तडकतात,
रात्री अंथरुणात ऐकू येतं.

धनी म्हणायचे, चिलीम म्हणजे काय,
मातीचं नरसाळं.
खरं आहे. पण नरसाळ्यातून तेल उतरतं,
इथं आग वर बसते आणि चव उतरते,
आणि उतरताना भिंतीला विचारत येते.

लोटनला तोंड रुंद लागतं, पोट उथळ.
बैलांनी पाणी प्यावं तेवढ्यात त्याचं आटपायला हवं.
उथळ पोटात तमाखू एकदम पेटते,
पहिला झुरका ठेच्यासारखा,
तिसऱ्याला नुसती राख.
"जिभले चटका बसस," म्हणतो,
आणि पुढच्या बाजाराला तसलीच नेतो.

हिलाल आप्पांची रात्र लांब.
केळीला पाणी द्यायची वीज दोनला येते,
कधी तीनला, कधी येतच नाही.
त्यांची मी खोल काढते, अंगठा बुडून वर दोन पेरं,
आणि तोंड आवळते, चंचीसारखं.
तमाखू सावकाश शिजते त्यात.
आधी गूळ,
मग भिजल्या पोत्याचा वास,
तळाशी गेलं की काढा.
खोल भांड्याचा तळ कडूच असतो.
आप्पा ते झटकून टाकत नाहीत.
मोटार सुरू होईपर्यंत कडूही चालतं, म्हणतात.

धुडकू मास्तरांची बोटं आता थरथरतात.
त्यांना भिंत जाड.
आग मातीत मुरते, धूर गार येतो,
पण चव अशी, की शेजारच्या घरात
कुणी हळू बोलतंय.
पातळ भिंतीत शब्दन् शब्द ऐकू येतो
आणि तळहात पोळतो.
दोन्ही एकात मागणाऱ्याला मी
दुसरं दुकान दाखवते.

खडा नदीतूनच आणते, बोराच्या बीएवढा.
गोल नाही चालत, भोक बुजवून बसतो.
जरा वेडावाकडा हवा,
कडेनं धुराला वाट देणारा.

"तू ओढस का?"
नाही.
"मंग तुले कसं कयस?"
गालांवरून. किती आत जातात ते बघते.
डोळे मिटतात की चोळतात.
थुंकी कुठं पडते.
एवढ्यावर तीस वर्षं काढली.

धन्यांची स्वतःची चिलीम मात्र
लग्नाआधीची, त्यांच्याच हातची, चाकावरची,
आणि तोंड एका अंगाला कललेलं.
डावीकडे तमाखू जळून जायची,
उजवीकडे कच्ची राहायची.
किती वेळा म्हटलं, सरळ काढून देते.
"माले हाईच गोड लागस."

ते गेल्याला आता दुसरं वर्ष.
परवा भट्टी लावली, पऱ्हाट्या रचल्या,
वर खापऱ्या, वर चिखल,
आणि करायला काही उरलं नाही.
ती काढली. खडा जागेवर होता.
छापी भिजवून पिळली, जशी ते पिळायचे.
भरली. दाबली. थोडी जास्तच दाबली असेल.

पहिला झुरका छातीतच अडकला,
दुसऱ्याला डोळ्यांतून पाणी,
कुत्रं उठून लांब जाऊन बसलं.
तिसऱ्याला
एका गालाला जळकं लागलं, दुसऱ्याला कच्चं,
आणि मध्ये, सुपारीएवढ्या जागेत,
हो,
होतं.

पुढच्या घाण्याला एक मुद्दाम कलती काढली.
तीनदा मोडली. सरळ हाताला वाकडं जमत नाही लवकर.
ती पाटीत तळाशी असते,
इतरांच्याच भावात.
विकायची नाही असं काही नाही.
अजून कुणी विचारली नाही.