डाय नेली

ट्रक पुण्याहून आला, रात्री अडीचला.
खोटेनगरच्या थांब्यापाशी उतरवली रोपं,
काळ्या पिशव्यांत, बाराशे चाळीस.
चलनावर लिहिलेलं : डायनेला, पट्टेरी.
हजेरीपट माझ्याकडे असतो. मी मोठ्यानं वाचलं.

‘कोनं नेला?’ सगीराबाई तडवीनं विचारलं,
पिशव्या उचलता उचलता.
‘अन् डाय नेला कसा? डाय बाईमानूस हाये, साहेब.
डाय नेली म्हना.’
तूरडाळ तेव्हा चढलेली होती,
म्हणून हसणं जरा जास्तच झालं.
मग अख्ख्या दुभाजकावर, पार अजिंठा चौफुलीपर्यंत,
झाडाचं नाव तेच राहिलं.

खरं नाव मला ठाऊक होतं,
अमळनेरला तीन वर्षं वनस्पतिशास्त्र घोकलेलं.
शिकारीची एक रोमन देवी, तिच्यावरून.
सांगितलं नाही.
पहाटे पाचला पाइप ओढताना
कुणाची देवी कशाला काढा.

ती म्हणाली, कुलीवानी दिसते.
परसाड्याच्या डोंगरात आखाडात फुटते कुली,
हिरवी, ओली, झुबक्यानं.
खुडायची, मधला पांढरा दांडा टाकायचा,
उरलं ते डाळीत.
हिचं पातं तिनं अंगठ्यावरून ओढलं.
कडेला बारीक दाते, करवतीच्या पोरीसारखे.
‘ही खायाची नाही. ही बांधाची.’
मी लक्ष दिलं नाही. मोजत होतो.

मे महिना. सेहेचाळीस.
डांबराला चप्पल चिकटायची.
आकाशवाणी चौकात टँकरचा पाइप जोडावरच फुटला,
तार नाही, रबर नाही,
ड्रायव्हर फोनवर मालकाला, मालक फोनवर ड्रायव्हरला.
सगीराबाईनं चार पाती बुडापासून उपटली,
कठड्यावर दगडानं ठेचली,
नडगीवर वळली, थुंकीनं ओली करून,
आणि गाठ मारली, दातांनी आवळून.
गळायचं थांबलं नाही.
पण पाणी खोटेनगरपर्यंत पोचलं.

रजिस्टरात एक रकाना आहे : नुकसान.
चार पाने, असं लिहायला हवं होतं मी.

तिसऱ्या वर्षी, शिवरात्र उलटल्यावर, फुलं आली.
ती खाली मान घालून येतात, उभ्यानं दिसत नाहीत.
रावेरच्या केळीचे ट्रक दोन्ही अंगांनी,
मधे मी, चाळिशीचा माणूस, गुडघ्यांवर.
निळी.
सदऱ्याला नीळ जास्त झाल्यावर घरात भांडण होतं
तसली निळी.
आणि पाकळ्या मागे वळलेल्या,
मधे सहा पिवळे दाणे.
‘सगीराबाई,’ मी ओरडलो, ‘डाय सापडली!’
ती पलीकडच्या टोकाला होती. हॉर्नमध्ये ऐकू गेलं नसेल.

पुढं उड्डाणपुलाचं ठरलं.
जेसीबी सोमवारी येणार, मोजणी शनिवारी.
फॉर्मवर दोनच रकाने : जिवंत, मेलेली.
मी चालत गेलो टोकापासून टोकापर्यंत.
उन्हानं नेलेली, शेळ्यांनी तुडवलेली,
कुणी अंगणासाठी उपटलेली,
राहिलेली तीनशे सात.

संध्याकाळी सगीराबाई काळीपिवळीत बसली,
मांडीवर सिमेंटची गोणी,
गोणीतून पट्टेरी पाती बाहेर, वाऱ्यावर.
ती माझ्याकडे बघत नव्हती.
मी जिवंतच्या रकान्यात तीनशे सहा लिहिलं,
मग मेलेली मोजली, तीही बरोबर भरली, नऊशे तेहतीस.
बेरजेत एक कमी येतं.
ऑफिसात अजून कुणी विचारलेलं नाही.
विचारलंच, तर सांगायला एक वाक्य आहे माझ्याकडे,
दोन शब्दांचं,
व्याकरण तिनं दुरुस्त केलेलं.