दुसरी मूठ

पहिला वॉकर किशनअप्पांनी ओढला
तर तोच उलटून त्यांच्या मांडीवर आला.
"मारकं हाय की हे," म्हणाले.

औसा रोडच्या शेडमध्ये
मग आठवडाभर मी नुसता उठत होतो,
खुर्चीतून, स्टुलावरून, बाजेवरून.
आधी डोकं पुढं जातं.
ढुंगण सगळ्यात शेवटी.

दुसरी मूठ गुडघ्याच्या चार बोटं वर वेल्ड केली,
मागं सरकवून,
सायकलचं रबर चढवून.

लातूरच्या मोंढ्यात चाळीस वर्षं
तुरीची पोती पाठीवर घेऊन उठलेला माणूस
खालच्या मुठी दाबत अर्ध्यावर आला,
थांबला.
मी हात पुढं केला नाही.

"पोत्याला आता कान आले," म्हणाले,
आणि उरलेलं उठले.

उभ्यानंच खुर्चीकडं वळून बघितलं:
"आन बसू कसं?"