खूण

चैत्रातला शनिवार, मारोतीचे रोडगे.
छोट्या हत्तीत आम्ही अठरा जण, दोन गंज,
कणकेची परात, गोवऱ्यांचं पोतं,
आणि बेबीमावशीचं तोंड,
जे दारव्ह्यापासून बंद झालं नव्हतं.

देऊळ म्हणजे शेंदूर फासलेला दगड,
वर टिनाचे चार पत्रे. मागे सागाचं रान,
झडून उघडं पडलेलं,
पायाखाली पापड मोडावेत तसा पाचोळा.
"जागा साफ करा वो," मावशी म्हणाली,
"ऊन चढून राह्यलं."

मी वाकले. हाताशी एक पान होतं,
तपकिरी, कडेला जरा करपलेलं.
बाजूला सारणार,
तर पानानं डोळा उघडला.

पूर्ण नाही. दाराच्या फटीएवढा.
आत काळं, ओलं काहीतरी.

मग पान हळूहळू जुळत गेलं:
ही चोच, नखाएवढी. ही मिशी.
हे पंख, राख, भुसा, जुनं लाकूड
सगळं एकत्र करून कुणी लिंपल्यासारखे.
रातवा.
मी हाक मारली नाही. मारता आलीच नाही.

पियूष आला, मागून रेणू,
मग सगळेच, चपला हातात घेऊन.
चपला काढा असं कुणी म्हटलं नव्हतं.
"कुठी हाय?"
"थ्या काटकीच्या बाजूनं."
"मले तं नाई दिसत बाप्पा."
ज्याला दिसायचं तो एकदम गप्प व्हायचा,
त्यावरूनच कळायचं.
पियूषनं मोबाइलचा आवाज बंद करून फोटो काढला.

मावशीला सगळ्यात शेवटी दिसलं,
आणि तिच्या तोंडून "अगं माय!" निसटलं.

पान उडालं. चार हातांवर पडलं,
एक पंख ओढत, लंगडत.
जागेवर दोन अंडी, उघडी,
बशीवर चहाचे डाग राहतात तशी.
रेणू रडायला लागली, त्याचा पंख मोडला म्हणून.

"सोंग हाय थे," गोमाजीमामा म्हणाले.
"मांगं सरका आता. उनात अंडे शिजतीन."

गोवऱ्या परत पोत्यात गेल्या.
चूल शंभर पावलं पलीकडे, वारा बघून.
कुणाचा पाय पडू नये
म्हणून पियूष भोवती दगड मांडायला लागला.
"नोको," मामा म्हणाले. "खून केली का मानूस येते."
मामांनी तीस वर्षं जंगलखात्यात
कूपातल्या सागांवर नंबर टाकले होते.
पुढे ते काही बोलले नाहीत.
उन्हात उभे राहिले, पाठ फिरवून,
ती परत बसेपर्यंत.

रोडगे अडीचला झाले. वांग्याची भाजी लागली खाली.
मारोतीही उशिराच जेवला.

फोटो ग्रुपवर टाकला तेव्हा पुण्याच्या भाऊजींनी विचारलं,
कचऱ्याचा फोटो कशाला?
मी अजूनही तो मोठा करते, आणखी मोठा,
पानांचे नुसते चौकोन होतात.
कधी वाटतं, हा डोळा. कधी वाटतं, छिद्र.

अंडी उबली का, कुणाला विचारणार?
आणि तो साग नेमका कुठला होता,
आता मलाही सांगता यायचं नाही.