बाजू ब, शेवटची चार मिनिटं

काऊकोच्या बापाचं बटाट्यांचं तळघर,
लिएक्सापासून सात किलोमीटर, तळ्याच्या अंगाला.
पंच्याण्णवचा जानेवारी. बाहेर उणे एकतीस.
आत बटाटे गोठू नयेत एवढीच ऊब,
माणसांचा विचार त्यात धरलेला नव्हता.

माईक एकच. तो लोकरी मोज्यात घालून
खुंटीला टांगलेला, म्हणून सगळा आवाज
मोजा घातल्यासारखाच आला.
ड्रमचा एक पाय म्हणजे दोन विटा.
तोंडाला आम्ही चुलीतली काजळी फासली होती.
कॅसेट ऐकणाऱ्याला ती दिसणार नाही
हे तिघांपैकी एकाच्याही ध्यानात आलं नाही.

तैस्तो सैतानावर गायचा.
सैतान त्याला फारसा ठाऊक नव्हता.
त्याला ठाऊक होतं करवतगिरणीचं कुलूप घातलेलं फाटक,
तीनला मावळणारा दिवस,
आणि गुडघ्यांवर हात ठेवून, दिवा न लावता बसलेला बाप.
ते शब्दांत बसेना
म्हणून नरड्यात बसलं.
पुढे आठवडाभर तो दुकानात
दूधसुद्धा बोटानं दाखवून मागत होता.

कोरी कॅसेट घ्यायला पैसे नव्हते.
मी घरातलीच एक उचलली, इर्याच्या फळीवरची.
तिनं मागचे कान मोडून ठेवले होते,
कुणी पुसू नये म्हणून.
मी त्या भोकांवर चिकटपट्टी लावली.
एवढीच माझी काळी जादू.

प्रती काढल्या त्रेचाळीस.
मुखपृष्ठ चर्चच्या कचेरीतल्या झेरॉक्सवर,
काऊकोची मावशी जेवायला गेली तेव्हा.
शाई संपत आलेली, जंगल करडं उमटलं.
आम्ही म्हणालो, धुकं आहे.

मार्चमध्ये चिलीहून एक पत्र आलं:
बाकी ठीक,
पण शेवटी ते जे मोडकं वाद्य रडतं
त्यानं माझी झोप उडाली. कोण वाजवतं?

आम्ही तिथवर कधी ऐकलंच नव्हतं.
शेवटच्या गाण्यात माझी तार तुटते,
कुणीतरी खोकतं, खटका,
आणि पट्टी तशीच फिरत राहते.
मग येते इर्या, तेरा वर्षांची,
स्वयंपाकघरात अ‍ॅकॉर्डियन मांडीवर घेऊन.
यक्सी, काक्सी, पोल्का.
तिसऱ्या ओळीला अडखळते.
पेर्केले, म्हणते, अगदी हळू,
आई शेजारच्या खोलीत असावी.
आमच्याकडे शिवी आणि सैतान एकाच शब्दात भागतात.
अख्ख्या कॅसेटमध्ये त्याला मनापासून हाक मारली
ती एवढीच.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे.
बँडनं अ‍ॅकॉर्डियन घेतलं. इर्याला नाही घेतलं,
योएन्सूचा एक शिकलेला मुलगा आणला.
अंगावर कातडी, हातात शिंगं,
जर्मनीच्या चिखलात दहा हजार माणसं पोल्कावर उड्या मारतात.
मी त्याआधीच सुटलो होतो, की गळलो होतो,
कसं म्हणायचं ते अजून ठरवलेलं नाही.
नगरपालिकेचा बर्फ काढायचा ट्रॅक्टर चालवतो. पहाटे चारला.

आता कुणी हेलसिंकीवाला ती कॅसेट
तबकडीवर आणतोय. फोन केला त्यानं.
खरखर धुऊन काढू, म्हणाला,
आणि शेवटी काहीतरी घरगुती मिसळलंय,
ते कापतो.
मी म्हटलं, विचारून सांगतो.
कुणाला? तो म्हणाला.

इर्या औलूला दातांच्या दवाखान्यात असते.
संध्याकाळी लावला फोन.
बराच वेळ काही बोलली नाही.
मग: ती परीक्षेची कॅसेट होती.
मी सबंध घर शोधलं होतं, गाढवा.
आणि मग: लाव.

मी फोन स्पीकरपाशी धरला.
तुटलेली तार, खोकला, खटका.
तिकडून ती गुणगुणू लागली, पट्टीच्या किंचित मागे,
आणि तिसऱ्या ओळीला
दोघी एकाच जागी अडखळल्या.
मग शिवी.
एक ऐकू आली की दोन,
खात्रीनं नाही सांगता येणार,
खरखर फार होती.