कारण (दोन ओळींत)

जळगावाबाहेर, गिरणाई नगर.
अडतीस रो-हाउसं. कमान पूर्ण, गटार अर्धं.
दर रविवारी नऊला कमानीखाली मी टेबल टाकतो.
बँकेत एकतीस वर्षं, कर्ज विभाग.
शिक्का जमा केला, पेन तेवढं राहिलं.

अर्जाचं नाव: गृहकर्ज पुनर्रचना व सवलत.
रकाना सात: हप्ता थकण्याचे कारण
(दोन ओळींत).

प्रमिला झोपेंचं कारण दोन ओळींत मावत नाही.
एमआयडीसीत चटईच्या कारखान्याची आधी रात्रपाळी गेली,
मग दिवसपाळी, मग मालक.
शेवटचा पगार म्हणून बारा चटया मिळाल्या,
हिरव्या-लाल, मोरांच्या.
घर बावीस लाखांचं. शेजारचं परवा चौदाला गेलं.
कर्ज बाकी सतरा.
"म्हणजे विकून बी मीच तीन देऊ?"
मी लिहिलं: रोजगार गेला.
एक ओळ उरली. तिच्यात काय लिहू?

रमजान तडवीने दारावरच्या नोटिशीवर
कॅलेंडर टांगलं होतं, पोरीने वाचू नये म्हणून.
पोरगी तिसरीत. महिना उलटताना वाचलंच.
"पप्पा, ताबा म्हणजे?"
तो माझ्याकडे बघतो.
मी रकाना आठकडे.

मग त्याच्या फाइलीत पिवळा कागद निघाला,
मूल्यांकन अहवाल. शेरा: समाधानकारक.
खाली सही. माझी.
तो दिवस आठवतो. भिंती ओल्या होत्या,
बोट लावलं तर बोटाला सिमेंट यायचं,
आणि बिल्डरच्या गच्चीवर शेवभाजी होती, झणझणीत.
दोनदा वाढून घेतली.

रमजानला मी हे सांगितलेलं नाही.
कागद परत फाइलीत लावला, सरळ करून.

आतापर्यंत अकरा अर्ज मंजूर.
झोपेंचा हप्ता सतरा हजार सहाशेचा
तेरा हजार सातशे झाला, मुदत दहा वर्षांनी वाढली.
त्यांनी बोटांवर मोजलं.
"घर माझं होईन तव्हा मी एकाहत्तरची."
थांबल्या. हसल्या बहुतेक.
"बसता तर येईन ना ओट्यावर."

आज त्या चटई घेऊन आल्या, माझ्यासाठी, नवी,
प्लास्टिकचा वास तसाच.
नको म्हणालो. का, ते नाही बोललो.
त्यांनी ती रांगेतल्यांसाठी अंथरली,
आणि सगळ्यात आधी बसली
ती तिसरीतली पोरगी, मोराच्या डोळ्यावर.

हं. नाव सांगा.
रकाना सात.