तेरावा आठवडा

मतपत्रिका टपालानं आली, वीजबिलाला चिकटून.
हर्मिस्टनमध्ये ऑक्टोबर. शेतांतले बटाटे निघालेले,
वारा मातीसकट दारात उभा.

प्रश्न एका वाक्याचा, वाक्य सव्वाशे शब्दांचं:
जखमी कामगाराची साप्ताहिक मजुरी ठरवताना
मागील तेरा आठवड्यांऐवजी...
तिथून पुढं स्वल्पविरामांची रांग.
चार वेळा वाचलं. मला तरी कळायला हवं;
अकरा वर्षं हेच गणित मी पगार घेऊन करते.
तेरा आठवड्यांची बेरीज, भागिले तेरा,
त्याचे दोन तृतीयांश,
खाली माझी सही.

आईनं पेरांवर मोजायला शिकवलं होतं.
चार बोटं, प्रत्येकाची तीन पेरं, अंगठा फिरता.
बारा होतात.
तेरावं हातात मावत नाही.

युफेमिया सांदोवालची मधली दोन बोटं
जूनमध्ये बटाटे कापायच्या यंत्रात गेली.
उजव्या हातावर आता सहाच पेरं.
त्याआधी कारखाना पाच आठवडे बंद होता,
पाती बदलायला, भिंती रंगवायला.
ती पाच शून्यं आम्ही तेरात धरली.
शनिवार-रविवार ती हायवेवरच्या मोटेलात चादरी बदलायची.
त्या नाही धरल्या.
नियमच तसा, मी म्हणाले,
दोन्ही वेळा त्याच आवाजात.

आपल्याकडे म्हणतात दुष्काळात तेरावा महिना.
इथं आठवड्यावर भागतं.

तिनं फोनवर भांडण काढलं नाही.
दुभाषी इंग्रजीत काहीतरी सभ्य बोलला,
मला मात्र मराठीतच ऐकू आलं:
तेरानं भागलंत, बाई.
पण माझं भागायचं कसं?

ऑफिसात या प्रश्नावर कुणी बोलत नाही.
कॉफीच्या मशीनपाशी फक्त हवामान निघतं,
आणि एकदा डेनिस म्हणाली, हप्ते वाढतील हं,
सगळ्यांचेच. खोटंही नाही ते.

युफेमियाला इथं मत नाही.
मला आहे, गेल्या मार्चपासून.

'हो'पुढचा लंबगोल काळ्या पेननं भरला,
रेघेबाहेर जराही न जाता,
दाव्याचे फॉर्म भरते तसा.
मग पाकिटावर सही. तीच,
तिला गेलेल्या पत्राखालची.

ग्रंथालयाबाहेरच्या पेटीत पाकीट पडलं,
आवाज आला नाही.
गाडीपर्यंत चालताना बघते तर
अंगठा आपला पेरांवर फिरतोय,
दहा, अकरा, बारा,
आणि पुन्हा पहिल्यापासून.