नाडी होती

तेलावीच्या इस्पितळात, द्राक्षतोडणीच्या तिसऱ्या रात्री
मालखाझचा पाय आला. मालखाझ मागून आला असं वाटलं,
इतका तो पाय सगळ्यांआधी बोलत होता.
अंगणात धुवायला काढलेली रिकामी क्वेवरी,
माणसाच्या उंचीचा वाइनचा रांजण,
घरंगळत नडगीवर आली.
गावच्या दवाखान्यात प्लास्टर घातलं, गच्च.

मी पावलावर बोटं ठेवली. नाडी होती.
कागदावर लिहिलं: ठीक.
तो शब्द अजून त्या फाइलीत आहे, माझ्या अक्षरात.

साडेअकराला मॉर्फिन. साडेबाराला पुन्हा.
दुखणं उतरेना.
"आत कुणीतरी फुगतंय," तो म्हणाला,
आणि अंगठ्याच्या बेचक्यात मुंग्या.
तीस वर्षं रात्रपाळी केलेल्या त्सिआलानं
काही न बोलता त्याचा अंगठा वर उचलला,
बोटभरही नाही,
तो असा ओरडला की पलीकडच्या खोलीतलं बाळ उठलं.
ती माझ्याकडे बघत राहिली.

प्लास्टर कापलं. पोटरी लाकूड झालेली.
चार कप्पे असतात तिथे, प्रत्येकाला
पांढरं, चिवट, न ताणणारं अस्तर.
आत रक्त साचतं, स्नायू सुजतो,
बारीक शिरा आधी मिटतात,
धमनी मात्र वाहत राहते
दारावरून जाणाऱ्या पोस्टमनसारखी,
घरात काय चाललंय तिला ठाऊक नसतं.
सुई टोचली: पंचावन्न.
रक्तदाबाचा खालचा आकडा सत्तर.
मधे उरले पंधरा. तीस उरले तरी थांबायचं नसतं.

दारात काका नोदार, हातांना द्राक्षांचा चिकटा.
"मोडलंय हाड. मांस का कापता?"
मला पुस्तकातलेच शब्द सुचत होते.
त्सिआला म्हणाली, "रस खदखदत असताना
क्वेवरीचं तोंड लिंपशील का?"
"फुटेल ना."
"हा फुटत नाही, नोदार. आतल्या आत मरतो."
त्यानं सही केली. कागदावर जांभळा अंगठा राहिला.

दोन लांब काप, नडगीच्या दोन्ही अंगांना.
स्नायू बाहेर उसळला, कोंडलेला माणूस
दार उघडताच आधी बाहेर पडतो, श्वास मग घेतो, तसा.
तीन कप्पे लाल. समोरचा करडा.
चिमट्यानं डिवचला. हलला नाही.
थांबलो. पुन्हा डिवचला. एका कोपऱ्यात
काहीतरी थरथरलं,
किंवा मला ते दिसायला हवं होतं.

जखमा शिवल्या नाहीत. उघड्याच ठेवल्या.
पहाटे पावलावर बोटं ठेवली. नाडी होती.
या वेळी काही लिहिलं नाही.
त्याला म्हटलं, अंगठा वर कर.